गोदामाचं घर केलं, आग लागली, माणसं गेली. जबाबदार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोदाम म्हणून बांधलेल्या इमारतीत प्लायवूडची पार्टिशनं घालून खोल्या काढल्या, त्या भाड्यानं दिल्या, एका रात्री आग लागली आणि आतली माणसं दगावली. मालक म्हणतो, मी जागा गोदाम म्हणूनच दिली होती. ज्यानं ती घेऊन पुढे पोटभाडेकरू ठेवले तो म्हणतो, मालकाला सगळं ठाऊक होतं आणि सरकारी माणसंही येऊन गेली होती. अधिकारी म्हणतात, परवानगीच नव्हती, तर आमच्या कागदावर ते घर नव्हतंच. आणि बाहेरचे लोक म्हणतात, राहणाऱ्यांना दिसत नव्हतं का? यात खरं जबाबदार कोण?

अग्निसुरक्षेची तपासणी आणि आग विझल्यानंतरचा कारणशोध या कामात माझी २६ वर्षं गेली आहेत. आधी सरळ उत्तर देतो, मग त्यामागचं सांगतो. इमारत ज्याच्या ताब्यात होती आणि भाडं ज्याच्या खिशात जात होतं, तो पहिला. थांबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता आणि ज्याच्या फायलीत ती जागा एकदा तरी आलेली होती, तो त्याच्या लगेच मागे. राहणारा माणूस सगळ्यांत शेवटी, आणि बहुतेक वेळा या यादीत नाहीच.

अशा प्रकरणांत जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. समोरच्याची चूक सिद्ध झाली की आपली आपोआप हलकी होते, असा त्यामागचा समज. पण जबाबदारी ही वडिलोपार्जित जमीन नव्हे, की एका भावाला दोन गुंठे जास्त गेले म्हणजे दुसऱ्याचे दोन कमी झाले. मालकानं डोळेझाक केली हे शंभर टक्के खरं असू शकतं, आणि अधिकाऱ्यानं नोटीस फायलीला लावून फाईल कपाटात ठेवली हेही शंभर टक्के खरं असू शकतं. दोघांनाही आपापल्या वाट्याचं पूर्ण उत्तर द्यावं लागेल.

आता मुद्द्यावर येतो. आगीच्या जागी आम्ही पोचतो तेव्हा पत्रकार, नातेवाईक, पुढारी, सगळे एकच विचारतात: कशानं लागली? शॉर्टसर्किट, हीटर, मेणबत्ती, सिगारेट, काहीतरी एक नाव त्यांना हवं असतं. तो प्रश्न शोधायचाच असतो, पण मृत्यूंच्या जबाबदारीचं उत्तर त्यात क्वचितच सापडतं. आगी लागत राहतात. नीट बांधलेल्या घरातही लागतात. तिथे एक खोली जळते, अलार्म वाजतो, माणसं जिन्यानं खाली येतात आणि रस्त्यावर उभी राहून बंबाची वाट बघतात. म्हणून मी दुसरा प्रश्न धरून बसतो: आग लागल्यावर माणसं बाहेर का पडू शकली नाहीत?

या दोन प्रश्नांची उत्तरं किती वेगळी असू शकतात ते जोहान्सबर्गमध्ये दिसलं. ३१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे तिथल्या उसिंदिसो इमारतीला आग लागली आणि किमान ७६ माणसं गेली. इमारत शहर प्रशासनाच्या मालकीची. पूर्वी तिथे महिलांसाठी निवारा चालायचा. पुढे इमारत प्रशासनाच्या हातातून सुटली, आत लाकूड-पुठ्ठ्यांच्या आडोशांच्या खोल्या झाल्या आणि भलतीच माणसं त्यांचं भाडं गोळा करू लागली. चौकशी सुरू असताना जानेवारी २०२४ मध्ये एका तरुणानं सांगितलं की एका खुनाचा पुरावा लपवण्यासाठी आग आपणच लावली. म्हणजे 'कुणी लावली' याचं उत्तर तिथे ऐकायला मिळालं. तरीही न्यायमूर्ती सिसी खाम्पेपे यांच्या आयोगानं मे २०२४ मधल्या अहवालात त्या इमारतीच्या अवस्थेबद्दल शहर प्रशासनाला आणि त्याच्या मालमत्ता कंपनीला जबाबदार धरलं. मला हे अगदी बरोबर वाटतं. काडी एकानं ओढली असेल, पण ती ७६ जणांपर्यंत पोचावी अशी इमारत अनेकांनी, अनेक वर्षं घालवून तयार केली होती.

आणि उलटंही होतं. अमेरिकेत ओकलंड शहराच्या फ्रुटवेल भागात 'घोस्ट शिप' नावानं ओळखलं जाणारं एक गोदाम होतं. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री तिथे वरच्या मजल्यावर संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ जण गेले. आग नेमकी कशानं लागली हे अधिकृतपणे ठरलंच नाही. कारण 'अनिश्चित' असंच नोंदलं गेलं. विजेच्या जोडण्यांवर संशय होता, कारण तिथे वीज शेजारच्या इमारतीतून तारा ओढून घेतलेली होती. कारण ठरलं नाही म्हणून जबाबदारी ठरवता येत नाही, असं काहींनी म्हटलं. मी म्हणतो, ठरवता येते. स्प्रिंकलर नव्हते. अलार्म नव्हता. वरच्या मजल्यावरून उतरायला दोन जिने, त्यातला एक लाकडी पॅलेट्स रचून केलेला, आणि खाली उतरल्यावर समोर दार नाही तर पियानो, जुनं फर्निचर, लाकूडसामान आणि फिरत्या घरांच्या गाड्या यांतून वळत जाणारी वाट. पहिली ठिणगी कुठेही पडली असती तरी शेवट हाच होता.

'वापरबदल' हा शब्द लोकांना नुसता कागदी वाटतो. भिंती त्याच, छत तेच, मग परवाना गोदामाचा की घराचा यानं काय फरक पडतो? फरक असा पडतो की प्रत्येक इमारत ही आतल्या माणसांबद्दल काही गृहीत धरून बांधलेली असते. गोदाम बांधताना गृहीत असतं की आत मोजकी माणसं असतील, ती जागी असतील, त्यांना वाट माहीत असेल आणि संध्याकाळी ती निघून जातील. घर बांधताना गृहीत असतं की आत माणसं झोपलेली असतील, त्यांत मुलं आणि म्हातारी असतील, आणि ती अंधारात, अर्धवट झोपेत दार शोधतील. झोपेत माणसाला धुराचा वास सहसा जागं करत नाही. आवाज जागं करतो, म्हणून अलार्म लागतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

आकड्यांत सांगतो. आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेत, जिच्यावर कॅलिफोर्नियाचे नियम बेतलेले आहेत, गोदामासाठी दर माणशी ५०० चौरस फूट धरतात, राहण्याच्या इमारतीसाठी २०० आणि लोक दाटीनं उभे राहतात अशा जागेसाठी फक्त ५. दारं किती, जिने किती रुंद, हे याच हिशेबावर ठरतं. घोस्ट शिप साधारण १०,००० चौरस फुटांचं होतं. गोदाम म्हणून भागाकार करा, २० माणसं येतात. तिथे राहणारेच वीस-पंचवीस होते असं सांगितलं जातं, आणि त्या रात्री वर कार्यक्रम होता. म्हणजे इमारतीच्या दारांनी ज्यांचा विचारच केला नव्हता अशी माणसं आत होती. वापर बदलताना परवानगी घ्यायला लावतात ती एवढ्यासाठी, की कुणीतरी बसून हा हिशेब नव्यानं करावा.

वेळेचंही सांगायला हवं, कारण 'पळून जायला हवं होतं' हे वाक्य मी फार ऐकलं आहे. फोमची गादी, सिंथेटिक पडदे, प्लायवूड असलेली खोली पेटली की तीन-चार मिनिटांत सगळी खोली एकदम भडकू शकते. पार्टिशन छतापर्यंत नेलेलं नसेल तर धूर वरून सगळ्या खोल्यांत एकाच वेळी शिरतो. उघडा जिना चिमणीसारखं काम करतो आणि ज्या वाटेनं उतरायचं तीच वाट आधी धुरानं भरते. अशा आगीत बहुतेक माणसं भाजून जात नाहीत, धुरानं जातात, आणि पुष्कळदा बंद दाराच्या अगदी जवळ सापडतात.

माझ्याच एका तपासणीचं सांगतो. कापडाच्या गाठींचं गोदाम होतं. दार उघडणारा माणूस म्हणाला, "साहेब, इथे कुणी राहत नाही, नुसता माल आहे." गाठींच्या थप्पीमागे एक चादर टांगलेली होती. ती बाजूला केली तर मागे जेमतेम अडीच फुटांची बोळ, दोन्हीकडे प्लायवूडच्या खोल्या, वरून उघड्या. दोरीवर ओला टॉवेल होता. एका खोलीबाहेर लहान मुलाच्या चपला, निळ्या, एकीचा पट्टा सुतळीनं बांधलेला. बोळीच्या टोकाला खिडकी, खिडकीला ग्रिल, ग्रिलला कुलूप, कुलपावर गंज. किल्ली कुणाकडे म्हणून तिघांना विचारलं, तिघांनी तीन वेगळी नावं सांगितली. एका सॉकेटमधून एक्स्टेन्शन बोर्ड, त्यातून दुसरा, त्यातून तिसरा. शेवटच्या वायरला हाताची मागची बाजू लावली, ती कोमट होती, आणि तेव्हा दुपार होती. रात्री सगळे पंखे आणि शेगड्या चालू झाल्यावर ती काय होत असेल?

मी अहवाल लिहिला: 'निवासी वापर आढळला. बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग बंद. जीवितास धोका.' नोटीस गेली, मुदत दिली गेली, मुदत संपली. माझी बदली दुसऱ्या कामावर झाली होती. मी परत बघायला गेलो नाही, कुणी गेलं का हे विचारलंही नाही. सात महिन्यांनी तिथे आग लागली. दुपारची वेळ, मोठी माणसं कामावर, मुलं बाहेर खेळत होती, त्यामुळे कुणाचा जीव गेला नाही. कारणशोधासाठी मला बोलावलं गेलं. ग्रिल वाकडी झाली होती आणि कुलूप तिच्यात तसंच लागलेलं होतं. जबाबदारीबद्दल मी जे पुढे लिहितो आहे ते त्या कुलपासमोर उभं राहिल्यानंतरचं आहे. माझी सही असलेला कागद माझ्या बचावाला पुरेसा होता. त्या मुलांच्या बचावाला तो काहीच कामाचा नव्हता.

आता मालकाकडे. त्याचा नेहमीचा बचाव, 'मला माहीत नव्हतं'. फौजदारी खटल्यात हा बचाव खरोखर चालतो, हे लोकांना माहीत हवं. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ ला आग लागली आणि १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. राखेतून काढलेलं कुलूप खटल्यात पुरावा म्हणून मांडलं गेलं. तरी दोन्ही मालक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुटले, कारण त्या क्षणी दार बंद आहे हे त्यांना ठाऊक होतं, असं पंचांना, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या ज्युरीला, निःसंशय पटलं नाही. ते घर नव्हतं, कारखाना होता, पण 'ज्ञान' सिद्ध करण्याची अडचण तीच.

म्हणून आजच्या कायद्यांत बहुतेक ठिकाणी प्रश्न दोन भागांत विचारतात: माहीत होतं का, आणि माहीत असायला हवं होतं का? दुसरा भाग मालकाला सहज सुटू देत नाही. गोदामाचं वीजबिल आणि पाणीबिल घरांसारखं येऊ लागलं, भाडं महिन्याच्या ठरल्या तारखेला रोखीत येऊ लागलं, रात्री दिवे दिसू लागले, शेजाऱ्यांनी कचऱ्याची तक्रार केली, यातलं काहीच लक्षात आलं नाही असं म्हणणाऱ्यानं मुद्दाम लक्ष दिलेलं नसतं. भाडं घेणं म्हणजे जागा बघत राहण्याचं काम अंगावर घेणं, असं मी मानतो. घोस्ट शिपच्या मालक कुटुंबावर फौजदारी खटला भरलाच गेला नाही. आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे की नाही हा सरकारी वकिलांचा निर्णय असतो, त्यावर मी बोलणार नाही. पण जिथे मालकी आणि भाडं एकीकडे आणि खटला दुसरीकडे, तिथे पुढच्या मालकाला मिळणारा धडा चुकीचा असतो, एवढं नक्की म्हणेन.

मधल्या माणसाचं काय? अख्खी जागा भाड्यानं घेऊन खोल्या पाडून देणारा बहुतेक प्रकरणांत सगळ्यांत आधी पकडला जातो, कारण त्याचे हात प्रत्यक्ष कामाला लागलेले असतात. ओकलंडमध्ये मूळ भाडेकरू डेरिक अल्मेना आणि त्याचा एक सहकारी यांच्यावर ३६ मृत्यूंसाठी सदोष मनुष्यवधाचे ३६ आरोप लागले. २०१८ मध्ये दोघांच्या वकिलांनी सरकारी पक्षाशी शिक्षेची तडजोड केली होती, अनुक्रमे ९ आणि ६ वर्षांची. न्यायाधीशांनी ती फेटाळली, अल्मेनाला पुरेसा पश्चात्ताप दिसत नाही म्हणून. २०१९ च्या खटल्यात सहकारी निर्दोष सुटला आणि अल्मेनाबद्दल पंचांत १० विरुद्ध २ अशी फूट पडून निकालच लागला नाही. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला आणि १२ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात आधीच काढलेला काळ वजा झाला आणि उरलेल्याचा काही भाग घरीच, देखरेखीखाली. नातेवाइकांना ही शिक्षा फारच थोडी वाटली, आणि त्यांचं दुःख मला कळतं.

सहकाऱ्याच्या सुटकेवर तेव्हा पुष्कळ संताप झाला. तो भाडी गोळा करायचा, कामं बघायचा, आणि तिथेच राहायचाही. अशी माणसं प्रत्येक अनधिकृत वस्तीत असतात: मालकाच्या वतीनं किल्ल्या सांभाळणारा, थोडं भाडं माफ होतं म्हणून हिशेब ठेवणारा. माझा त्याच्याबद्दलचा निकष एकच. बदल करण्याची ताकद त्याच्या हातात किती होती? जिना काढायचा की ठेवायचा, ग्रिल उघडायची की नाही, नवा माणूस घ्यायचा की नाही, हे तो ठरवू शकत होता का? ठरवू शकत असेल तर तो मालकाच्या रांगेत. नुसता निरोप्या असेल तर राहणाऱ्यांच्या रांगेत.

सरकारी बाजू सगळ्यांत गुंतागुंतीची, आणि माझ्या मनाला सगळ्यांत लागणारी. कॅलिफोर्नियात तपासणी केली नाही किंवा हलगर्जीनं केली, म्हणून सरकारी संस्थेवर नुकसानभरपाईचा दावा लावण्याला कायद्यानं बरंच संरक्षण दिलेलं आहे. त्यामागचा विचार मला समजतो. प्रत्येक हुकलेल्या तपासणीसाठी शहराला पैसे मोजावे लागले तर शहरं तपासण्याच बंद करतील. पण घोस्ट शिपच्या बाबतीत पोलीस तिथे अनेकदा जाऊन आले होते. आगीच्या काही आठवडे आधी तक्रार आली होती, आणि १७ नोव्हेंबरला बांधकाम खात्याचा निरीक्षक दारापर्यंत जाऊन, आत जाता आलं नाही म्हणून परत फिरला होता. अग्निशमन केंद्र हाकेच्या अंतरावर होतं. एका खात्यानं पाहिलेलं दुसऱ्या खात्याच्या कागदावर पोचत नव्हतं. २०२० मध्ये शहरानं ३ कोटी २७ लाख डॉलर देऊन दावे मिटवले, दायित्व मान्य न करता. त्यातले ९२ लाख डॉलर एका जबर जखमी होऊन वाचलेल्या माणसासाठी होते, बाकीचे मृतांपैकी ३२ जणांच्या कुटुंबांसाठी.

निरीक्षकाला दार उघडलं गेलं नाही, हे वाक्य मी माझ्या सहकाऱ्यांच्या अहवालांतही शेकडो वेळा वाचलं आहे. दार उघडलं जात नाही हा तपासणीचा शेवट मानला जातो, ती सुरुवात मानायला हवी. न उघडणाऱ्या दारासाठीच अधिकार दिलेले असतात.

अधिकाऱ्यांना व्यक्तिशः शिक्षा व्हावी का? व्हिएतनाममध्ये झाली. हनोईत १२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री एका छोट्या अपार्टमेंट इमारतीला आग लागून ५६ जण गेले. परवानगी सहा मजल्यांची, बांधले होते नऊ मजले आणि वर माळा. अरुंद गल्ली, एकच जिना, आणि त्या जिन्याच्या पायथ्याशी दुचाक्यांचं पार्किंग, जिथून आग सुरू झाली. मालकाला २०२५ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली आणि काही स्थानिक अधिकारीही दोषी ठरले. मी याच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर. ज्यानं पाहिलं, लिहिलं, वर पाठवलं आणि वरून कुणी हललं नाही, त्या कनिष्ठ निरीक्षकाला बळी देऊन वरिष्ठ सुटणार असतील तर पुढच्या वेळी कुणी 'आढळलं' असं लिहिणारच नाही. सगळे 'दार बंद होतं' असं लिहितील.

आणि राहणारे. "त्यांना दिसत नव्हतं का?" दिसत होतं. रोज दिसत होतं. ज्या शहरात साधी खोली पगाराच्या बाहेर जाते तिथे माणूस धोका ओळखूनही राहतो, कारण दुसरा पर्याय फूटपाथ असतो. दिल्लीच्या अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे जे ४३ जण गेले ते जिथे काम करायचे तिथेच झोपलेले मजूर होते. कुवेतच्या मंगाफमध्ये १२ जून २०२४ ला जे गेले, बहुतेक भारतीय, त्यांना ती खोली कंपनीनं दिली होती. त्यांनी ती निवडलीच नव्हती. धोक्याची कल्पना असणं आणि धोका टाळण्याची ताकद असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि जबाबदारी ताकदीच्या मागे जाते. हो, कुणी जिन्यात सिलिंडर रचून ठेवले, अलार्मची बॅटरी काढून रेडिओत घातली, तर त्याच्या त्या कृतीचं उत्तर त्याला द्यावं लागेल. पण बंद ग्रिलचं नाही.

इथे एक भीती बोलून दाखवतो. मोठी आग झाली की प्रशासन जागं होतं आणि पहिलं काम करतं ते माणसं बाहेर काढण्याचं. बीजिंगच्या दाशिंग भागात १८ नोव्हेंबर २०१७ ला एका इमारतीत १९ जण गेले. तळघरात शीतगृह, त्यावर दुकानं आणि वर भाड्याच्या बारीक खोल्या. त्यानंतर ४० दिवसांची मोहीम निघाली आणि बाहेरगावहून आलेल्या कामगारांना ऐन थंडीत, पुष्कळांना काही तासांच्या मुदतीवर, घरं सोडावी लागली. आगीत ज्यांचे शेजारी गेले त्यांनाच शिक्षा. अशानं माणसं सुरक्षित होत नाहीत, ती आणखी लपलेल्या खोलीत जातात, आणि तिथे कुणी तक्रारही करत नाही. ओकलंडनं जानेवारी २०१७ मध्ये वेगळा आदेश काढला: अनधिकृत निवास असलेल्या जागा सुरक्षित करा, पण राहणाऱ्यांना शक्यतो हुसकावू नका. त्याची अंमलबजावणी सोपी नव्हती, पण दिशा बरोबर होती. जीवाला तात्काळ धोका असेल तर जागा त्याच दिवशी रिकामी करावी, यात वाद नाही. मात्र त्याच दिवशी माणसं कुठे झोपणार हेही त्याच आदेशात लिहिलेलं असावं.

ज्या जागेत तात्काळ धोका नाही पण ती बेकायदा आहे, तिथे मी निरीक्षकांना सांगतो की पूर्ण नियमित होण्याची वाट बघू नका. त्याच आठवड्यात ग्रिलची कुलपं काढायला लावा किंवा आतून हातानं उघडणारी कडी बसवायला लावा, प्रत्येक खोलीत आणि बोळीत धूर ओळखणारा अलार्म लावा, जिना मोकळा करा, वरच्या मजल्यावरची झोपायची सोय खाली आणा, एक्स्टेन्शनच्या साखळ्या तोडून इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाईन आणि एमसीबी घाला. यातल्या कशालाही वर्षं लागत नाहीत. आणि मुदत संपण्याच्या दिवशी स्वतः जा.

तुम्ही स्वतः अशा जागेत राहत असाल, किंवा तुमचं कुणी राहत असेल, तर आज रात्री झोपण्याआधी बिछान्यापासून रस्त्यापर्यंत डोळे मिटून, भिंतीला हात लावून चालून बघा. जिथे अडखळाल ती जागा उद्या मोकळी करा. झोपताना खोलीचं दार लोटून घ्या. पातळ दारही धुराला थोडा वेळ अडवतं, आणि तो थोडा वेळच हवा असतो.

आणि जे दिसतं ते लिहून कळवा. तोंडी नको. मेसेज चालेल, पत्र चालेल: अमुक खिडकीला कुलूप आहे, अमुक जिना अडवलेला आहे, तारीख घाला, फोटो जोडा, मालकाला पाठवा आणि अग्निशमन विभागाला पाठवा. हे लिहिलं म्हणून राहणाऱ्याला बाहेर काढलं जाण्याची भीती खरी आहे. म्हणून शक्यतो एकट्यानं लिहू नका, चार-पाच जणांनी मिळून लिहा. ट्रायँगलच्या खटल्यात कुलूप हाती होतं, पण मालकांना ते ठाऊक होतं हे दाखवणारा कागद नव्हता. तुमचा मेसेज पोचल्यानंतर 'मला माहीत नव्हतं' असं कुणालाच म्हणता येणार नाही, मालकाला नाही आणि आम्हालाही नाही. एक प्रत मात्र त्या इमारतीत ठेवू नका. बाहेर राहणाऱ्या कुणाकडे तरी द्या.